श्वानपालन, महाराष्ट्रातील

श्वानपालन, महाराष्ट्रातील : कुत्रा घरी बाळगून त्याचा आहार, निवारा, आरोग्य व प्रजनन यांची जबाबदारी घेणे, यास श्वानपालन म्हणतात. कुत्र्याला अन्न घालणे आणि कुत्रा पाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रात पहिलीची परंपरा फार जुनी असून दुसरीची परंपरा, मेंढपाळ व भटके समाज आणि काही राजघराणी वगळल्यास, बरीच अलीकडची आहे. गावातील कुत्र्यास प्रत्येक घरातून भाकरीचा तुकडा मिळे. परंतु तो आजारी पडल्यास, पिसाळल्यास किंवा मादी व्याल्यास त्याची जबाबदारी कोणा एकाची नसे. या दोन गोष्टींमधील अंतर कसे निर्माण झाले व ते कितपत भरून आले, हा महाराष्ट्रातील श्वानपालनाच्या इतिहासाचा गाभा होय. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हा तालुका व त्याचा परिसर यांत या इतिहासाचे बहुतेक टप्पे दिसून येतात; म्हणून प्रस्तुत विवेचनात त्या परिसरातील उदाहरणे विशेषकरून घेतली आहेत.

प्राचीन काळ : कुत्रा हा माणसाने माणसाळविलेला पहिला प्राणी होय. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींपैकी इनामगाव (जि. पुणे) येथील उत्खननांत गुरे, शेळ्या-मेंढ्या यांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडे मिळाली. दायमाबाद (जि. अहिल्यानगर) येथे १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या शिल्पांपैकी बैलजोडीच्या रथाच्या दांड्यावर कुत्रा उभा असलेला दिसतो. या शिल्पांच्या कालनिर्णयाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी शेतकरी, बैल व कुत्रा हे त्रिकूट दख्खनमध्ये पुरातन आहे, याची ती साक्ष देतात. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतीत तर माणसांबरोबर कुत्रेही पुरलेले आढळले.

शेतीचा प्रसार झाल्यावर कुत्र्याच्या आहारातच नव्हे, तर त्याच्या शरीरक्रियेतही पालट झाला. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या अमायलेज या एंझाइमाच्या जनुकाच्या प्रती लांडग्याच्या मानाने कुत्र्यात बऱ्याच अधिक असतात. माणसाच्या धान्यावर जगण्याची क्षमता कुत्र्याने अशा रीतीने मिळविली. भाकरीवर वाढणारे गावकुत्रे हे या दीर्घ सहवासाचेच फलित होय.

वैदिक व स्मृतिवाङ्मयात कुत्र्याविषयी दुहेरी दृष्टी आढळते. ऋग्वेदात इंद्राची दूती सरमा चोरलेल्या गाईंचा शोध लावते आणि यमाचे दोन श्वान मृतांच्या मार्गाचे रक्षण करतात. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. मनुस्मृतीत गृहस्थाच्या नित्यकर्मांत कुत्र्यांसाठी जमिनीवर अन्न ठेवण्यास सांगितले आहे. मात्र स्मृतिग्रंथांनीच कुत्र्याचा स्पर्श अशुचीही मानला. अन्न द्यावे, पण ते उंबरठ्याबाहेर, ही रीत येथूनच दृढ झाली. वैश्वदेवानंतर कुत्र्याला घास घालण्याचा प्रघात सनातनी घरांतून विसाव्या शतकापर्यंत चालू होता. तथापि त्याच घरांत कुत्रा स्वयंपाकघरात आलेला चालत नसे.

मध्ययुगीन दख्खन : राजदरबारी मात्र श्वानपालन हे शास्त्र म्हणून विकसित झाले. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत कोशग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये ‘सारमेयविनोद’ हे प्रकरण असून त्यात कुत्र्यांची पारख व त्यांचा शिकारीतील उपयोग यांचा विचार केला आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण (जि. बीदर) होय. सोलापूरचा प्रदेश त्या काळी चालुक्यांच्या राज्यात मोडत असल्याने या ग्रंथाला येथील श्वानपालनाच्या इतिहासात विशेष महत्त्व आहे. त्याहून जुना पुरावा कर्नाटकातील आतकूर येथील शिलालेखाचा (९४९-५०) होय. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातील या लेखात काळी नावाच्या शिकारी कुत्र्याने रानडुकराशी झुंज दिली व दोघेही मरण पावले, असे नमूद केले असून त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ शिळा उभारून जमीन दान दिल्याचा उल्लेख आहे.

लोकदैवते व संतपरंपरा : सामान्य जनांच्या मनातील कुत्र्याचे स्थान लोकदैवतांच्या उपासनेतून स्पष्ट होते. खंडोबाच्या परिवारात घोड्याबरोबर कुत्रा असतोच. जेजुरी, सोलापूरजवळील बाळे व नळदुर्गजवळील अणदूर या क्षेत्रांमुळे हे दैवत बार्शी परिसरात घरोघरी पुजले जाते. खंडोबाचे उपासक वाघ्ये काही विधींत स्वतःस देवाचे कुत्रे मानून भुंकतात व कोटंब्यातील नैवेद्य कुत्र्याप्रमाणे तोंडाने खातात. काळभैरवाचे वाहन कुत्रा होय. दत्तात्रेयाभोवतीचे चार कुत्रे चार वेदांचे प्रतीक मानले जातात. खंड्या व वाघ्या ही मराठी मुलुखातील कुत्र्यांची रूढ नावे खंडोबाच्या उपासनेशी नाते सांगणारी आहेत.

पंढरपूरच्या संतपरंपरेत नामदेवांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असे ती सांगते. सर्वांभूती एकच ईश्वर पाहण्याचा हा आदर्श कीर्तनांतून खेडोपाडी पोहोचला. वैश्वदेवाच्या घासात कर्तव्य होते. या कथेत जिव्हाळा आहे. तथापि येथेही कुत्रा घरचा नसून वाटेवरचाच आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मराठा काळ : साताऱ्याचे छत्रपती शाहू (कार. १७०८–४९) यांचे श्वानप्रेम ख्यात होते. वाघाच्या शिकारीत आपले प्राण वाचविणाऱ्या कुत्र्यास त्यांनी जहागीर व पालखीचा मान दिला आणि एका दरबारप्रसंगी त्यास भरजरी वस्त्रे, जडजवाहीर व स्वतःची पगडी घातली, असे जेम्स ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) लिहिले आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहूंच्या समाधीनजीक खंड्या या कुत्र्याची समाधी दाखविली जाते. रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाची गोष्ट निराळी आहे. ते १९३६ मध्ये उभारण्यात आले. त्यामागील कथेला शिवकालीन साधनांत आधार मिळत नाही. राम गणेश गडकरी यांच्या राजसंन्यास या नाटकाने ती लोकप्रिय केली. या स्मारकावरून वारंवार वाद झाले असून २०१२ मध्ये ते काढून टाकण्यात आले व नंतर पुन्हा बसविण्यात आले.

राखणीचे व शिकारी कुत्रे : राजवाड्यांबाहेर कुत्रा खऱ्या अर्थाने पाळला तो धनगर मेंढपाळांनी व भटक्या समाजांनी. सोलापूर, सातारा व पुणे या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यात मेंढ्यांचे कळप चाऱ्यासाठी वर्षातील मोठा काळ गावाबाहेर असतात. रात्री मेंढवाड्याभोवती राखण करणारा कुत्रा हा तेथे शोभेचा नसून कुटुंबाच्या मिळकतीचा रक्षक असतो. सोलापूर–बार्शी मार्गावरील नान्नज परिसराच्या माळरानांवर लांडग्यांचा वावर आजही आहे. त्यामुळे या कुत्र्यांचे महत्त्व टिकून राहिले. अशा कुत्र्याचे पिल्लू निवडून घेतले जाते, त्यास मेंढ्यांबरोबर वाढविले जाते व त्याच्या वाट्याची भाकरी रोजच्या स्वयंपाकात धरलेली असते. पालनाची सर्व लक्षणे येथे आढळतात.

कारवानी हा दख्खनमधील सडपातळ, लांब तोंडाचा, नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारा शिकारी कुत्रा होय. लांब केसांच्या प्रकारास पशमी म्हणतात. मराठवाडा, सोलापूर व लगतचा कर्नाटक या भागांत तो मुख्यतः सशाच्या शिकारीसाठी बाळगला जाई. मुधोळ (जि. बागलकोट) संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या निवडक प्रजननास उत्तेजन दिले व एक जोडी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज यास भेट दिली, त्यामुळे मुधोळ हाउंड हे नाव प्रचारात आले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये काढलेल्या देशी कुत्र्यांच्या चार तिकिटांत त्याचा समावेश होता. वन्यजीव संरक्षण अधिनियम (१९७२) अंमलात आल्यानंतर शिकारीचा उपयोग संपला आणि ही जात राखण व हौस यांसाठी उरली.

आहाराची परंपरा : बार्शीचा परिसर रब्बी ज्वारीचा आहे. मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवड केलेली मालदांडी ज्वारी (एम ३५-१) या पट्ट्यात सर्वत्र परिचित आहे. त्यामुळे येथील कुत्र्याचा परंपरागत आहार म्हणजे ज्वारीची शिळी भाकरी आणि तीवर ताक, आमटी किंवा दूध, क्वचित मटणाची हाडे, असा होता. ‘भाकरीला जागणे’ हा इमानाचा वाक्प्रचार माणूस व कुत्रा या दोघांनाही लागू पडतो, तो उगाच नव्हे.

या आहाराचे मोल आज मोजून सांगता येते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सु. ३५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. सु. १० किग्रॅ. वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला सु. ६०० ते ७०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे दोन मोठ्या भाकरी त्याची ऊर्जेची गरज भागवू शकतात. परंतु ज्वारीत प्रथिने सु. १० टक्केच असून त्यांत लायसीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल कमी असते. प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या आहारात किमान १८ टक्के व वाढत्या पिल्लाच्या आहारात किमान २२ टक्के प्रथिने असावीत, असे मानतात. भाकरीवर वाढलेला कुत्रा जगतो, राखणही करतो. पण त्याची पिल्ले खुरटतात व रोगांना लवकर बळी पडतात. पूर्वीच्या पद्धतीत उणीव होती ती पोटभर अन्नाची नव्हे, तर पूर्ण अन्नाची.

ब्रिटिश अंमल : नगरांच्या वाढीबरोबर भटका कुत्रा हा प्रशासनाचा प्रश्न बनला. मुंबईत १८१३ च्या नियमाने उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत भटके कुत्रे मारण्याची मुभा देण्यात आली. १८३२ मध्ये ही मुदत वाढविण्यात आली व प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस असल्याने मारेकऱ्यांनी पाळीव कुत्रेही पकडले. कुत्र्यास पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने ६ जून १८३२ रोजी त्याविरुद्ध उठाव केला, बाजारपेठा बंद पाडल्या आणि सैन्यास पाचारण करावे लागले. कुत्र्याचा मालक कोण, हा प्रश्न या प्रसंगाने प्रथमच कायद्यापुढे उभा केला. पुढे नगरपालिकांविषयीच्या कायद्यांत कुत्र्यांची नोंदणी, बिल्ला व गळपट्टा यांसंबंधी तरतुदी आल्या. बार्शी नगरपालिका १८६५ मध्ये स्थापन झाली, ती याच नव्या नागरी व्यवस्थेचा भाग होती. बिल्ला नसलेला कुत्रा बेवारशी ठरे. गावाच्या सामाईक कुत्र्याला या व्यवस्थेत जागा उरली नाही.

याच काळात पशुवैद्यकाचा पाया घातला गेला. मुंबईत प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी संस्था १८७४ मध्ये, तर परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. तथापि जिल्ह्यांतील दवाखान्यांचे काम मुख्यतः बैल, म्हशी व घोडे यांपुरतेच राहिले. कुत्र्यासाठी वैद्य ही कल्पना तालुक्याच्या गावी रुजण्यास आणखी अनेक दशके लागली.

अलर्क रोग : श्वानपालनात अन्नापलीकडची जबाबदारी कोणती, हे अलर्क रोगाने (पिसाळ रोगाने) सर्वांत कठोरपणे शिकविले. हा विषाणुजन्य रोग पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून पसरतो व लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये माणसावर लसीचा यशस्वी प्रयोग केला. भारतात पहिली पाश्चर संस्था कसौली (हिमाचल प्रदेश) येथे १९०० मध्ये व दुसरी कुन्नूर (तमिळनाडू) येथे १९०७ मध्ये निघाली. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाल्याने बार्शीचा रुग्ण अरुंदमापी गाडीने कुर्डुवाडीपर्यंत व तेथून मुख्य मार्गावर जाऊ शकत होता; तरी कसौलीचा प्रवास कित्येक दिवसांचा व सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. गावठी औषधे, डाग देणे व मंत्र हेच उपाय बहुतेकांना उरत.

कसौली येथे डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास तयार केलेल्या लसीने उपचार देशभर पसरले. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ही लस तयार होई. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली ही लस पोटात दहा ते चौदा दिवस रोज टोचावी लागे व तिच्यामुळे क्वचित पक्षाघातही होई. पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. भारतात तिचे उत्पादन २००४ मध्ये थांबविण्यात आले. हल्ली पेशीसंवर्धनापासून बनविलेली लस दंडावर चार किंवा पाच वेळा दिली जाते. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विलंब न लावता रुग्णालयात जाणे, हा प्रथमोपचार आहे. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट भरणे घातक ठरते.

आधुनिक घरगुती संगोपन : स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९७० नंतर, तालुक्याच्या गावांतील नोकरदार व व्यापारी कुटुंबांत अल्सेशियन, पॉमेरेनियन व पुढे लॅब्रॅडॉर या विदेशी जाती आल्या. कुत्रा अंगणातून घरात आला. शिरवळ (जि. सातारा) व उदगीर (जि. लातूर) येथे १९८० नंतरच्या दशकात पशुवैद्यक महाविद्यालये निघाल्यामुळे या भागास प्रशिक्षित पशुवैद्य मिळू लागले. मात्र पिल्लाला काय खाऊ घालावे, याविषयी जुन्या सवयी टिकून राहिल्या.

पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. पहिले तीन-चार आठवडे आईचे दूध हाच त्याचा संपूर्ण आहार होय. त्यानंतर मऊ भात, शिजवून कुस्करलेले अंडे किंवा खिमा हळूहळू सुरू करावा व आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. अनाथ पिल्लास पाणी घातलेले गाईचे दूध देण्याची रीत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश सु. ९ टक्के व प्रथिने सु. ७.५ टक्के असतात, तर गाईच्या दुधात ती अनुक्रमे सु. ४ व ३.३ टक्के असून दुग्धशर्करा मात्र अधिक असते. पाणी घातल्याने पोषण आणखी घटते, तर दुग्धशर्करेमुळे पिल्लास हगवण लागते. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा अन्न द्यावे.

भाकरी किंवा भात आहारात ठेवण्यास हरकत नाही. त्यांच्या जोडीला अंडी, मांस, मासे, दही किंवा शिजविलेली डाळ यांतून प्रथिने मिळाली पाहिजेत. केवळ मांस व काळीज दिल्यास कॅल्शियम कमी पडून पिल्लाची हाडे वाकतात. शिजविलेली हाडे चावताना फुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे आतड्यात रुततात. ती देऊ नयेत. कांदा, लसूण व चॉकलेट कुत्र्यास विषारी आहेत. द्राक्षे व बेदाणे यांमुळे त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे पशुवैद्यांच्या ध्यानात आले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. सोलापूर जिल्ह्यासारख्या द्राक्षबागा व बेदाणा यांच्या प्रदेशात, जेथे बागेच्या राखणीस कुत्रा असतो, तेथे ही माहिती विशेष महत्त्वाची आहे.

पिल्लास पहिले तीन महिने दर पंधरवड्यास जंताचे औषध द्यावे. डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांविरुद्ध सहा ते आठ आठवड्यांपासून, तर अलर्क रोगाविरुद्ध तिसऱ्या महिन्यात लस टोचून पुढे वेळापत्रकाप्रमाणे ती पुन्हा द्यावी. पार्व्हो हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. जुन्या पिढीच्या अनुभवात तो नसल्याने रक्ताची हगवण लागलेल्या पिल्लावर घरगुती उपाय करण्यात मोलाचा वेळ दवडला जातो. डिस्टेंपर माळरानावरील लांडग्यांनाही होऊ शकतो. त्यामुळे राखणीच्या कुत्र्यांचे लसीकरण वन्यजीवांच्याही हिताचे आहे.

सद्यःस्थिती : प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० मध्ये झाला. भटक्या कुत्र्यांना मारण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे, हे धोरण २००१ च्या नियमांनी स्वीकारले; २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. कुत्र्यांमुळे होणाऱ्या अलर्क रोगाचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याची राष्ट्रीय योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात व त्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते.

या मृत्यूंमागे क्रौर्यापेक्षा अर्धवट राहिलेली दया अधिक आहे. कुत्र्यांची संख्या उपलब्ध अन्नावर अवलंबून असते. मंडईतील व खानावळीतील खरकटे आणि दारोदारचा तुकडा त्यांना जगवतो, पण त्यांना लस टोचून घेण्यासाठी कोणीही धरून नेत नाही. शहरांतून पाळीव कुत्रे हौस ओसरल्यावर सोडून दिले जातात, हे त्याचेच दुसरे रूप होय. मेंढपाळाने आपल्या कुत्र्याची भाकरी रोजच्या स्वयंपाकात धरली, कारण तो कुत्रा त्याचा होता. ज्या गल्लीने एखाद्या कुत्र्यास घास घालायचे ठरविले, तिने त्याची लस व त्याचे निर्बीजीकरणही आपलेच मानले, तर भूतदयेची जुनी परंपरा आणि सार्वजनिक आरोग्य यांत विरोध उरत नाही. ज्या गावांत व शहरांत लोकांच्या सहकार्याने कुत्र्यांपैकी किमान ७० टक्के कुत्र्यांना नियमितपणे लस टोचली जाते, तेथे या रोगाचा प्रसार थांबतो, असा जगभरचा अनुभव आहे.